वाळीतविरोधी कायदा: नाशिकहून निघालेली मागणी राजपत्रापर्यंत कशी गेली

१३ एप्रिल २०१६ रोजी महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी सामाजिक बहिष्काराविरुद्धचे विधेयक एकमताने मंजूर केले. कायदा कसा होतो, याची बहुतेकांची कल्पना एवढ्यावरच थांबते: विधेयक आले, आमदारांनी ‘होय’ म्हटले, कायदा झाला. प्रत्यक्षात त्या दिवशी सभागृहात बदलण्यासारखे फार थोडे उरले होते. गुन्हा कशाला म्हणायचे, शिक्षा किती, जामीन मिळावा की नाही, तपासात कोणी मदत करायची, हे सगळे विधेयकाच्या छापील प्रतीत आधीच ठरून आले होते. ज्यांना कायद्यावर प्रभाव पाडायचा आहे त्यांनी या तारखेच्या मागची तीन वर्षे आणि पुढचे चौदा महिने नीट पाहावेत. या प्रकरणाची सुरुवात नाशिकमध्ये झाली, म्हणून ते इथूनच मांडले आहे.

प्रकरण काय होते

जून २०१३ च्या अखेरीस नाशिकमध्ये एका गर्भवती तरुणीचा तिच्या वडिलांनीच खून केला. तिने जातीबाहेर लग्न केले होते. खुनाचा खटला चालला, फाशीची शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी रद्द करून २० वर्षांची सक्तमजुरी ठेवली. फौजदारी कायद्याच्या दृष्टीने हे प्रकरण सरळ होते. खुनाला कलम ३०२ होते, आरोपी होता, पुरावा होता.

कार्यकर्त्यांनी लावून धरलेला प्रश्न वेगळा होता. जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीच्या घरच्यांना ज्या जातपंचायतीची धास्ती वाटते, तिच्यावर कोणते कलम लागते? पंचांनी कुणाचा गळा दाबलेला नसतो. त्यांनी फक्त ‘या घराशी कोणी रोटी-बेटी व्यवहार ठेवायचा नाही’ असे सांगितलेले असते. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने याच प्रश्नावर जातपंचायत मूठमाती अभियान सुरू केले. डॉ. नरेंद्र दाभोलकर हयात असतानाच नाशिकला पहिली परिषद झाली. त्यानंतर काही दिवसांतच, २० ऑगस्ट २०१३ रोजी, पुण्यात त्यांचा खून झाला. अभियान थांबले नाही. वेगवेगळ्या जातींतली पीडित माणसे पुढे येऊ लागली, काही पंचायतींनी स्वतःहून बरखास्त होत असल्याचे जाहीर केले आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या यात्रेत भरणाऱ्या पंचायतींची उघड चर्चा होऊ लागली. रायगड जिल्ह्यात गावकीने, म्हणजे गावच्या पंचमंडळींनी, कुटुंबे वाळीत टाकल्याची प्रकरणे याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयात पोहोचली होती. नाशिकचे अभियान आणि रायगडच्या याचिका अशा दोन्ही अंगांनी एकाच वेळी रेटा आला, हे या कायद्याचे नशीब.

आधीचे कायदे का पुरले नाहीत

नवा कायदा मागणाऱ्या प्रत्येकाला मंत्रालयात पहिला प्रश्न हाच येतो: ‘असलेल्या कायद्यात हे बसत नाही का?’ उत्तर तयार नसेल तर निवेदन ‘योग्य त्या कार्यवाहीसाठी’ असा शेरा घेऊन पोलीस खात्याकडे जाते आणि तिथेच संपते. या प्रकरणात ते उत्तर भक्कम होते, म्हणून ते जरा तपशिलात पाहू.

अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ च्या जानेवारीपासून सामाजिक व आर्थिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा आहे. पण आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा आणि पीडित त्या प्रवर्गातला असेल तरच तो लागतो. जातपंचायतीत पंच आणि वाळीत टाकलेला एकाच जातीचे असतात. शिवाय महाराष्ट्रातल्या भटक्या-विमुक्तांपैकी बहुसंख्य जाती अनुसूचित यादीत नाहीतच. नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ अस्पृश्यतेपुरता आहे. भारतीय दंड संहितेतून खंडणी, धमकी, कट, अब्रुनुकसानी अशी कलमे जोडता येत होती. पण दंड उकळला तर खंडणी. नुसते बोलणे बंद केले, लग्नाला कोणी गेले नाही, मयताला खांदा दिला नाही, तर? त्याला कोणतेच कलम नव्हते.

एक जुना कायदा होता. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्यास बंदी घालणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने, सरन्यायाधीश सिन्हा यांचे मत विरोधात असताना, तो घटनाबाह्य ठरवला. अनुच्छेद २६ नुसार धर्मपंथाला आपल्या धार्मिक बाबी चालवण्याचा हक्क आहे आणि निव्वळ धार्मिक कारणावरून केलेला बहिष्कारही या कायद्याने अडवला, हा मुख्य दोष ठरला. (हा निकाल फेरविचारासाठी फेब्रुवारी २०२३ मध्ये मोठ्या पीठाकडे पाठवला गेला आहे.) म्हणजे २०१३ नंतर मसुदा लिहिणाऱ्यासमोर दोन खड्डे होते: तोकडे लिहिले तर पंच सुटतात, सैल लिहिले तर कायदाच पडतो.

तक्रारीचे कलम होताना

‘आम्हाला समाजाने वाळीत टाकले आहे, न्याय मिळावा.’ असा अर्ज वाचून जिल्हाधिकारी कार्यालयातल्या कारकुनालाही हळहळ वाटेल, पण त्यातून कलम लिहिता येत नाही. कायदा कृतीला शिक्षा देतो. त्यामुळे मागणी करणाऱ्याने आधी कृती वेगळ्या काढाव्या लागतात. नमुन्यादाखल नोंद अशी असावी:

‘रविवार, सकाळी ११ वाजता समाजमंदिरासमोर बैठक. हजर पंच सात, नावे सोबत. मुलीने परजातीत लग्न केल्याबद्दल ५१,००० रुपये दंड सांगितला. पैसे न भरल्याने पुढच्या महिन्यात चुलत भावाच्या लग्नाची पत्रिका दिली नाही. किराणा दुकानदाराने उधारी व विक्री बंद केली. बैठकीचे चित्रीकरण नाही. साक्षीदार दोन, पैकी एक बोलायला तयार.’

एवढ्या पाच-सहा ओळींत चार वेगळ्या कृती आहेत: निवाडा करणे, दंड आकारणे, सामाजिक समारंभातून वगळणे, धंद्याचा व्यवहार तोडणे. अशा चाळीस-पन्नास नोंदी शेजारी ठेवल्या की त्याच त्या कृती पुन्हा दिसू लागतात. स्मशानभूमी वापरू न देणे, मंदिरात येऊ न देणे, विशिष्ट पोशाखाची सक्ती, माफीसाठी जाहीर अपमान. २०१६ च्या अधिनियमाचे तिसरे कलम वाचले तर तिथे नेमकी अशीच यादी आहे: धार्मिक-सामाजिक विधी करण्यात अडथळा, लग्न वा अंत्यविधीचा हक्क नाकारणे, सार्वजनिक जागा, शाळा, दवाखाना, सभागृह वापरू न देणे, व्यवसायाचे संबंध तोडणे, ठरावीक पेहराव किंवा भाषेची सक्ती. नीतिमत्ता, राजकीय कल, लैंगिकता यांच्या आधारे भेदभाव हासुद्धा त्यात आहे. एकट्या अभ्यासकाने टेबलापाशी बसून ही यादी पुरी केली नसती.

नोंदी गोळा करताना सर्वांत जास्त चूक पैशाच्या पावतीबाबत होते. पंचायत पावती देत नाही, दिली तर ‘देणगी’ म्हणून देते. म्हणून दंड भरायला पैसे कुठून आणले ते लिहून घ्यावे: पतसंस्थेतून काढले, दागिना मोडला, शेळी विकली. त्या व्यवहाराची तारीख कागदावर असते आणि ती बैठकीच्या तारखेशी जुळली की तोंडी सांगण्याला आधार मिळतो. दुसरी चूक नावांची. मसुद्यासोबत जोडायच्या टिपणात पीडितांची नावे कधीच देऊ नयेत. सरकारी फाइल माहितीच्या अधिकारात बाहेर येऊ शकते, आणि पंचांनाही माहितीचा अधिकार आहेच.

मंत्रालयात फाइल कशी चालते

कार्यकर्त्यांनी वकिलांच्या मदतीने कायद्याचा मसुदा करून सरकारपुढे ठेवला. कोणत्याही नागरिकाला असा मसुदा देता येतो, मात्र विधेयक मांडता येत नाही. ते मंत्री मांडतो किंवा सदस्य अशासकीय विधेयक म्हणून मांडतो. अशासकीय विधेयके शुक्रवारच्या कामकाजात येतात आणि फार क्वचित मंजूर होतात. त्यांचा उपयोग मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यायला लावण्यापुरता. त्यामुळे खरी वाट विभागाची.

इथे विभाग होता गृह. विषय समाजकल्याणाचा वाटला तरी दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) निर्माण करायचा असेल तर काम गृह विभागाचे, आणि चुकीच्या विभागाला दिलेले निवेदन टपालात दोन-तीन महिने फिरते. विभागात कक्ष अधिकारी टिपणी लिहितो, ती अवर सचिव, उपसचिव, सचिव अशी वर चढते. मग विधी व न्याय विभाग घटनात्मक बाजू तपासतो आणि भाषा बांधतो. खर्च असेल तर वित्त विभागाचे मत. मग मंत्रिमंडळाची मान्यता. निवेदनाचा खरा वाचक कक्ष अधिकारी असतो. मंत्र्यांसोबतचा फोटो छान येतो, पण टिपणीत जो परिच्छेद उतरतो तो या माणसाच्या टेबलावरून उतरतो. त्यामुळे निवेदनाची दोन पानांची प्रत अशी हवी की तिच्यातला मजकूर तसाच टिपणीत घेता यावा.

विधी व न्याय विभाग कोणत्या शंका काढेल, याचा अंदाज बांधून उत्तरे आधीच जोडलेली बरी. या प्रकरणातल्या शंका उघड होत्या. १९६२ च्या निकालाचे काय? उत्तर: धर्मपंथाच्या अंतर्गत श्रद्धेला हात न लावता नागरी, सामाजिक व आर्थिक हक्क तोडण्याच्या कृतींना शिक्षा, त्याला अनुच्छेद २५ मधील समाजसुधारणेच्या तरतुदीचा आणि अनुच्छेद १७ (अस्पृश्यताबंदी) व २१ (जीवित व स्वातंत्र्याचा हक्क) यांचा आधार. राज्याला अधिकार आहे का? फौजदारी कायदा समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र व राज्य दोघांनाही कायदे करता येतील अशा विषयांत, आहे, म्हणून आहे. पण केंद्राच्या कायद्याशी विसंगती निघू शकते, म्हणून अनुच्छेद २५४(२) खाली राष्ट्रपतींची संमती घेतलेली सुरक्षित. हे दुसरे उत्तर पुढे चौदा महिने खाणार होते.

मोर्चाचे स्थान कुठे, असाही प्रश्न असतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकच्या सीबीएस चौकातून निघालेला शेतकरी-आदिवासींचा लाँग मार्च आझाद मैदानावर पोहोचला आणि सरकारने लेखी आश्वासन दिले. एवढ्या मोठ्या रेट्याचे ते योग्य फळ होते. पण त्यात वनहक्क कायद्याच्या अंमलबजावणीची मागणी होती, कायदा २००६ पासून अस्तित्वात होताच. नवे कलम हवे असेल तर मोर्च्याच्या आदल्या आठवड्यात मसुदा विभागाच्या आवक नोंदवहीत चढलेला असावा. नाहीतर शिष्टमंडळाला मिळते ते आश्वासन, आणि आश्वासनाला कलम क्रमांक नसतो.

मसुदा संकेतस्थळावर टाकून सूचना मागवल्या जातात तेव्हाची खिडकी वेगळी. केंद्र सरकारच्या २०१४ च्या धोरणानुसार केंद्रीय मंत्रालयांनी विधेयकाचा मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवणे अपेक्षित आहे; राज्याच्या विभागांवर ते बंधनकारक नाही. म्हणून ‘मसुदा येईल तेव्हा बघू’ ही वृत्ती इथे महागात पडते. कधीकधी तो येतच नाही, थेट विधेयकाची छापील प्रत येते.

सभागृहात

हा टप्पा लवकर उरकतो. विधेयक मांडण्याची परवानगी, पुरःस्थापन (रीतसर मांडणे), विचारार्थ घेण्याचा प्रस्ताव, खंडशः (कलमवार) विचार, मंजुरी. मग दुसऱ्या सभागृहात तेच. विधानसभेत २८८ आणि परिषदेत ७८ सदस्य. परिषदेने साधे विधेयक अडवले तरी पहिल्या खेपेस तीन महिने आणि दुसऱ्या खेपेस एक महिना, त्यापलीकडे विधानसभेचे म्हणणे चालते. सामाजिक बहिष्काराच्या विधेयकाला विरोध नव्हता, त्यामुळे हे सगळे एका दिवसात झाले. एकमत आनंदाचे खरे, पण एका दिवसात मंजूर झालेल्या विधेयकाचे कलमवार वाचन कितपत झाले असेल याचा अंदाज कोणालाही बांधता येईल.

नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत. परिषदेवर पदवीधर, शिक्षक आणि स्थानिक स्वराज्य संस्था अशा तिन्ही वाटांनी इथले मत पोहोचते. यांपैकी एखाद्या सदस्याकडून दुरुस्ती आणायची तर ती ‘हे कलम कडक करा’ अशी देऊन चालत नाही. कुठला शब्द काढायचा आणि कुठला घालायचा, हे कागदावर टंकलेले लागते, आणि सूचना विधिमंडळ सचिवालयात वेळेत जावी लागते. विधेयकाची प्रत सदस्यांना मिळणे आणि चर्चा होणे यांत कधी दोन-तीन दिवसच असतात. आमदारांचे स्वीय सहायक त्या दिवसांत लग्नघरातल्या आचाऱ्यासारखे धावत असतात. अशा वेळी मुंबईला जाऊन बैठक मागण्यापेक्षा तयार दुरुस्ती व्हॉट्सअ‍ॅपवर आणि सही करण्याजोगी प्रत हातात देणे कामाला येते. दुरुस्ती फेटाळली गेली तरी मंत्र्याचे उत्तर कार्यवृत्तात छापले जाते. ‘या शब्दाचा अर्थ असा आहे’ असे मंत्री सभागृहात बोलून गेले, तर पुढे न्यायालयात अर्थ लावताना ते मांडता येते.

अधिवेशनापूर्वीची हत्यारे जास्त उपयोगी. तारांकित प्रश्नातून (ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतो) आकडे निघतात: जिल्हावार किती तक्रारी, किती गुन्हे दाखल, किती आरोपपत्रे. लक्षवेधी सूचनेतून मंत्र्याला भूमिका सांगावी लागते. विनंती अर्ज समिती ही फारशी कोणी न वापरणारी वाट. अर्ज सदस्यामार्फत सादर होतो आणि समिती विभागाच्या सचिवांना साक्षीला बोलावू शकते.

विधेयक संयुक्त समितीकडे गेले तर नागरिकांना मोठी संधी मिळते. २०२४ चे विशेष जनसुरक्षा विधेयक असे गेले होते. समितीकडे १२ हजारांहून अधिक सूचना व हरकती आल्या, आणि जुलै २०२५ मध्ये मंजूर झालेल्या मजकुरात मोजकेच बदल दिसले: दीर्घ शीर्षकातली भाषा, सल्लागार मंडळाची रचना, तपास अधिकाऱ्याचा दर्जा. बाकीच्या सूचना वाया गेल्या असे कोणी म्हणेल. झालेले बदल कोणत्या प्रकारचे आहेत ते मात्र पाहण्यासारखे आहे. तिन्ही जागी ठरावीक शब्द बदलले आहेत. ‘विधेयक मागे घ्या’ हा राजकीय आग्रह आहे, तो धरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे; पण समितीचा अहवाल लिहिणाऱ्याला कलमावर बोट ठेवून केलेली सूचनाच वापरता येते. एकाच मजकुराच्या हजार ईमेलचे ढोबळ वर्गीकरण होते आणि तिथेच त्यांचे काम संपते.

चौदा महिने

दोन्ही सभागृहांची मंजुरी एप्रिल २०१६ ला. राष्ट्रपतींची संमती २० जून २०१७ ला. राजपत्रात प्रसिद्धी ३ जुलै २०१७ ला. तेव्हा तो सन २०१७ चा महाराष्ट्र अधिनियम झाला, जरी नावात २०१६ असले तरी: महाराष्ट्र सामाजिक बहिष्कारापासून व्यक्तींचे संरक्षण (प्रतिबंध, बंदी व निवारण) अधिनियम, २०१६. तक्रार लिहिताना वर्ष आणि क्रमांक यांची गल्लत इथेच होते.

मधल्या काळात पोलीस ठाण्यात जाणाऱ्या पीडिताला ‘कायदा झालाय ना?’ असे विचारता येत नव्हते. विधेयक मंजूर झाले म्हणून कायदा लागू होत नाही. राष्ट्रपतींच्या संमतीला घटनेने मुदत घातलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात राज्यपाल व राष्ट्रपतींसाठी कालमर्यादा सांगितली होती, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये राष्ट्रपतींच्या संदर्भावर मत देताना घटनापीठाने न्यायालयाला अशी मुदत घालता येणार नाही असे म्हटले. या टप्प्यावर फाइल केंद्रीय गृह मंत्रालयात असते आणि ते संबंधित मंत्रालयांची मते मागवते. राज्याच्या मंत्र्यांना निवेदने देण्यात हा काळ घालवू नये. आपल्या खासदाराकडून लोकसभेत अतारांकित प्रश्न विचारून घ्यावा: विधेयक कोणत्या तारखेला मिळाले, कोणत्या मंत्रालयाचे मत प्रलंबित आहे. लेखी उत्तर मिळते आणि कोणाकडे पाठपुरावा करायचा ते कळते.

कायदा हातात आल्यावर

अधिनियमानुसार बहिष्कार टाकणे, त्याला चिथावणे किंवा साहाय्य करणे यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा दखलपात्र आणि जामीनपात्र. आरोपपत्रापासून सहा महिन्यांत खटला संपावा अशी अपेक्षा. दंडाची रक्कम पूर्ण वा अंशतः पीडिताला देता येते. पीडिताच्या संमतीने आणि न्यायालयाच्या परवानगीने गुन्हा आपसात मिटवता येतो. बहिष्कारासाठी बैठक होणार असल्याची माहिती मिळाली तर जिल्हाधिकारी ती मनाई आदेशाने रोखू शकतात. ही शेवटची तरतूद यात्रांच्या हंगामात सोन्यासारखी आहे, आणि फारच कमी वापरली जाते. त्यासाठी अर्ज बैठकीच्या आधी, ठिकाण आणि तारीख लिहून, जिल्हाधिकारी कार्यालयात जायला हवा.

गुन्हा नोंदवताना नाशिकमध्ये आधी हद्द पाहावी. शहरासाठी पोलीस आयुक्तालय, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी, सिन्नर, येवल्यासारख्या तालुक्यांसाठी ग्रामीण पोलीस अधीक्षक. घटना एकीकडे आणि राहणे दुसरीकडे असेल तर शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो वर्ग करता येतो. ठाण्यात अदखलपात्र नोंद करून परत पाठवण्याचा प्रकार होतो. तेव्हा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे अधीक्षकांना लेखी अर्ज, आणि तिथेही दाद न मिळाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे. कमाल शिक्षा तीन वर्षे असल्याने न्यायालयाने दखल घेण्याची मुदतही तीन वर्षे. ‘पंच समजूत काढतील’ म्हणत दोन वर्षे थांबलेल्या कुटुंबाकडे मग एकच वर्ष उरते.

अधिनियमात सामाजिक बहिष्कार प्रतिबंध अधिकारी नेमण्याची तरतूद आहे. मात्र कायदा येऊनही नियम करा, म्हणून कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे मागणी करत राहावे लागले. ‘नियमांत विहित केल्याप्रमाणे’ असे शब्द कलमात असतात, त्यामागचे नियम नसले की ते कलम पांगळे पडते. विधेयकासोबत प्रत्यायुक्त विधिविधानासंबंधीचे ज्ञापन जोडलेले असते. त्यात सरकार कोणत्या कलमांखाली नियम करणार आहे याची यादी असते. विधेयकाच्या चर्चेत हे पान कोणी उघडत नाही. पाठपुराव्याचे वेळापत्रक मात्र त्याच पानावरून करता येते.

आता दुरुस्ती मागायची तर

गुन्हा अजामीनपात्र करा, ही अशा प्रकरणांत नेहमी निघणारी मागणी. ती मांडताना ‘आरोपींना तुरुंगात टाकण्यासाठी’ असे कारण दिले तर विधी विभाग लगेच उत्तर देईल की सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून पोलिसांना आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते. हे खरे आहे. अजामीनपात्र केल्याने मिळणारा खरा फायदा वेगळा आहे. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क असतो, त्यावर न्यायालयाला फारशा अटी घालता येत नाहीत. अजामीनपात्र गुन्ह्यात ‘तक्रारदाराच्या वस्तीत जाऊ नये, साक्षीदारांशी संपर्क ठेवू नये, समाजाची बैठक बोलावू नये’ अशा अटी घालता येतात. एकाच गल्लीत राहणाऱ्या पंच आणि पीडितात साक्षीदार फुटतो तो जामिनावर सुटल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत.

निवेदनाचा गाभा मग असा लिहावा:

‘मुख्य अधिनियमाच्या अपराधांच्या दखलपात्रतेसंबंधीच्या कलमातील, “जामीनपात्र” या मजकुराऐवजी, “अजामीनपात्र” हा मजकूर दाखल करण्यात येईल.’

खाली कारण, दहा ओळींत. त्याखाली तीन-चार प्रकरणांचा गोषवारा, नावाविना: गुन्हा नोंदल्याची तारीख, जामिनाची तारीख, साक्षीदाराने जबाब फिरवल्याची तारीख. या तीन तारखांमधले अंतर दिसले की वेगळा युक्तिवाद लागत नाही. पर्यायी मागणीही ठेवावी, कारण विभाग पहिली नाकारून दुसरी मान्य करतो असे पुष्कळदा होते: गुन्हा जामीनपात्रच ठेवून न्यायालयाला संरक्षण आदेश देण्याचा अधिकार देणारे एक नवे पोटकलम.

निवेदन गृह विभागाला, प्रत विधी व न्याय विभागाला, प्रत आपल्या आमदारांना. टपालाने पाठवले तर पोच जपावी, हाती दिले तर आवक क्रमांक आणि शिक्का आपल्या प्रतीवर घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. दीड-दोन महिन्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज: दहा रुपये शुल्क, महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. ‘माझ्या निवेदनाचे काय झाले’ असे विचारू नये, त्याला ‘विचाराधीन’ हे एका शब्दाचे उत्तर मिळते. विचारावे ते असे: आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या निवेदनावरील टिपणीच्या पानांच्या साक्षांकित प्रती, आणि ते सध्या कोणत्या कार्यासनात (विभागातल्या कोणत्या शाखेत) आहे. मंत्रिमंडळापुढची टिपणी निर्णय होईपर्यंत मिळणार नाही, कलम ८(१)(झ) आडवे येते. विभागाची त्याआधीची टिपणी मागावी. ती हाती आली की हरकत कोणाची आणि कोणत्या शब्दावर ते दिसते, आणि पुढचे निवेदन त्या एका शब्दापुरते लिहिता येते.